आदर्श पालक आणि दुपारचा डोस

शालिग्राम नारखेडेचा आयुष्यात एकदाच जाहीर सत्कार झाला, आणि तो महिला दिनी झाला.

शालिग्राम पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक. जळगावात मेहरूणच्या एका कॉलनीत स्वतःचं घर, दारात स्कूटर, गच्चीवर टाकी. सत्कार व्हावा असं त्याच्या हातून आजवर काही घडलं नव्हतं आणि घडावं अशी खात्याचीही अपेक्षा नव्हती. घडलं ते इतकंच, की त्याच्या दुसरीतल्या मुलीचा घसा सुजला आणि त्याने तिच्यासाठी पाणी गरम केलं.

त्याची बायको नूतन जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. मुख्याध्यापकपदासाठीचं प्रशिक्षण धुळ्याला होतं, आणि तिथे मुक्कामी राहावं लागणार होतं. याआधी तिची दोनदा निवड झाली होती. पहिल्या वेळी मुलीला, शर्वरीला, टायफॉइड झाला, दुसऱ्या वेळी सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. दोन्ही वेळा नूतन घरी राहिली आणि तिच्या मागाहून नोकरीला लागलेली माणसं मुख्याध्यापक होऊन तिला नियोजनाचं महत्त्व समजावून सांगू लागली. या वेळी वरून स्पष्ट सांगितलं होतं, की मधेच निघून जाईल त्याचा विचार पुन्हा होणार नाही.

"तू निर्धास्त जा," शालिग्राम म्हणाला होता. "मी आहे ना."

गृहपाठ केलाय पण वही घरी राहिली असं सांगणाऱ्या मुलाकडे नूतन जसं बघते, तसं तिने त्याच्याकडे बघितलं आणि ती बस पकडून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शर्वरी उठली आणि काही बोलली नाही. ही मुलगी झोपेतसुद्धा बोलते, त्यामुळे गप्प राहणं हेच पहिलं लक्षण मानायला हवं होतं. शालिग्रामने ते शहाणपण मानलं आणि तिचं कौतुक केलं. मग तिने घशाकडे बोट दाखवलं आणि डोळ्यांत पाणी आणलं, तेव्हा त्याने थर्मामीटर शोधला. तो बगलेत ठेवून वाजेपर्यंत थांबायचं असतं, हे त्याला माहीत नव्हतं. त्यामुळे पहिल्या खेपेला मुलीचं तापमान एखाद्या पालीला शोभेल इतकं निघालं. दुसऱ्या खेपेला तो थांबला, आणि मग आकडा बघून त्याने तिला स्कूटरवर बसवलं.

डॉ. माहेनूर शेख या मुलांच्या डॉक्टर. त्या मोजकं बोलतात, आणि त्यामुळे कॉलनीत त्यांच्याबद्दल मत फारसं चांगलं नाही. त्यांनी शर्वरीला तोंड उघडायला लावलं, उजेड टाकून आत पाहिलं, गळ्याच्या दोन्ही बाजू चाचपल्या आणि सांगितलं, "टॉन्सिल्स सुजलेत, वर पांढरे ठिपके आहेत. तपासणीत जंतू दिसतायत, म्हणून अँटिबायोटिक देतेय. पावडरची बाटली आहे. पाणी उकळून गार करायचं, बाटलीवरच्या रेघेपर्यंत घालायचं, हलवायचं, फ्रिजमध्ये ठेवायची. सकाळ, दुपार, रात्र. ताप गेला तरी बंद करायचं नाही, मी सांगेन तोपर्यंत द्यायचं. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, भरपूर पाणी, मऊ खाणं, विश्रांती."

"केळी चालेल?" शालिग्रामने विचारलं. जळगाव जिल्ह्यातला माणूस हा प्रश्न विचारल्याशिवाय दवाखान्यातून उठत नाही.

"मऊ असतं, गिळायला सोपं. खाऊ दे."

एवढंच काम होतं. पाणी उकळता येणारा आणि दुपार कधी होते हे कळणारा कोणीही माणूस ते करू शकला असता.

पहिली अडचण रजेची आली. महिलांना मुलांसाठी वेगळी रजा मिळते, हे शालिग्रामने ऑफिसात ऐकलं होतं. तीच आपल्यालाही मिळेल अशा समजुतीने त्याने आस्थापनेवरच्या समाधानला फोन लावला.

"पुरुषांना मिळते ना साहेब," समाधान म्हणाला. "का नाही मिळणार. वहिनी हयात आहेत का?"

"म्हणजे काय? धुळ्याला आहे ती."

"मग अवघड आहे. असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेल्या आहेत का?"

"अरे, ट्रेनिंगला गेलीय."

"ट्रेनिंग आजारात धरत नाहीत साहेब. बायको ठणठणीत असून नवऱ्याने मूल सांभाळायचं, असा प्रसंग नियमात कुठे येतच नाही. मी तुमची किरकोळ टाकतो."

शालिग्रामने किरकोळ रजा घेतली, पण तो शब्द त्याला लागला. आपण करतोय ते किरकोळ नाही, असं कोणीतरी म्हणावं अशी एक बारीकशी इच्छा त्याच्या मनात तिथेच रुजली. पुढचं सगळं त्या इच्छेतून उगवलं.

ती इच्छा पुरवायला शेजारच्या कोकिळाकाकू आल्या. काकूंचं माहेर धुळ्याकडचं. एरवी त्या शहरी मराठी बोलतात, पण काळजी दाखवायची असली की माहेरच्या बोलीवर येतात. "पोरगी कशी शे?" म्हणत त्या थेट स्वयंपाकघरात शिरल्या. तिथे शालिग्राम शर्वरीला गुळणी कशी करायची ते करून दाखवत होता. मान मागे टाकून, डोळे मिटून, त्याने एक लांब सूर लावला, मग ते पाणी भलत्याच वाटेने गेलं आणि तो सिंकला धरून खोकू लागला. शर्वरीने शांतपणे पेला घेतला, व्यवस्थित गुळणी केली, थुंकली आणि जाऊन पडली.

काकूंनी फोटो काढला. कॉलनीच्या ग्रुपवर तो आला तेव्हा त्याखाली लिहिलं होतं, 'आई धुळ्याला, लेक तापात. पण हा बाप बघा, स्वतःच्या हाताने पाणी गरम करतोय.'

तासाभरात ग्रुपवर हात जोडलेल्या आकृत्यांची रांग लागली. कोणी लिहिलं, 'आजच्या काळात असे पुरुष दुर्मीळ.' कोणी लिहिलं, 'नमन.' घाईत असलेल्या एकाने 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकली आणि मग काढून टाकली. शालिग्रामने ते सगळं वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पंधरा वर्षं धरणांच्या फाइली सांभाळून जे मिळालं नव्हतं, ते एका पातेल्याने मिळवून दिलं होतं.

दुपारपासून माणसं भेटायला येऊ लागली.

आजाऱ्याला भेटायला जाण्याची आपल्याकडे पद्धत आहे, आणि भेटायला आलेल्याला चहा देण्याचीही आहे. शालिग्राम दोन्ही पद्धती पाळत होता. येणारी माणसं दारातून शर्वरीला बघत, "अगं बाई, सुकली," म्हणत, आणि मग वळून ज्याला बघायला आली होती त्याच्याकडे बघत. तो चहा गाळत असेल तर उभं राहून बघत. गाळणं चुकलं तर जास्तच खूश होत.

"आमच्या यांना गॅस कुठल्या बाजूने पेटतो तेही माहीत नाही," एक बाई म्हणाली. 'हे' शेजारीच बसून बिस्किट खात होते. त्यांनी अभिमानाने मान हलवली.

"नूतनला काही वाटलं नाही का हो, पोरीला अशी टाकून जाताना?" दुसरीने विचारलं.

इथे शालिग्रामने सांगायला हवं होतं, की ती गेली तेव्हा पोरगी धडधाकट होती. तो जरा खिन्न हसला आणि म्हणाला, "तिचंही करिअर आहे." हे वाक्य त्याला इतकं शोभून दिसलं, की पुढे ते त्याने प्रत्येक चहाबरोबर दिलं.

प्रत्येकजण जाताना सल्ला ठेवून जाई. हळदीचं दूध द्या, दूध मुळीच देऊ नका. डोक्यावर टोपी घाला, अंग उघडं ठेवा. ज्येष्ठमध, लवंग, ओव्याची धुरी. पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं, ती म्हणजे कोमट पाणी. "कोमट पाणी पाजत राहा," असं सगळे बजावत. पण दोन्ही शेगड्यांवर त्यांचाच चहा उकळत असल्यामुळे ते कोमट पाणी करायला जागा उरत नव्हती. बोलायची चोरी असल्याने शर्वरी पलंगावरून रिकामा पेला वर करून दाखवायची. आलेल्या मंडळींना वाटायचं, पोरगी त्यांना बाय करतेय. तेही हात हलवायचे.

मग केळीचं प्रकरण झालं.

कोकिळाकाकूंनी टेबलावर केळी बघितली आणि कपाळाला हात लावला. घशाला केळी म्हणजे कफ, कफ म्हणजे छाती, छाती म्हणजे ॲडमिट. डॉक्टरांनी परवानगी दिलीय असं शालिग्रामने सांगून पाहिलं, पण काकू दुखावल्या, आणि ग्रुपवरचा पहिला फोटो काकूंचा होता. चाहत्यांना दुखावणं त्याला जमेना. त्याने ग्रुपवर जाहीर केलं, 'शर्वरीच्या घशासाठी तूर्त केळी बंद ठेवत आहोत. सर्वांच्या प्रेमाबद्दल आभार.'

हा मजकूर कोणत्या वाटेने सावद्याला, केळीच्या बागांतल्या त्याच्या मूळ गावी, पोहोचला ते लगेच कळलं नाही. दुसऱ्या दिवशी, बरोबर जेवणाच्या वेळेला, शालिग्रामचे चुलते चुडामणनाना खांद्यावर केळीचा अख्खा घड घेऊन दारात उभे राहिले.

"कारे शाल्या," नाना म्हणाले, "केयी बंद?"

"नाना, तसं नाही, तूर्त..."

"सावद्याच्या घरातली पोरगी, अन् केयी बंद? मोबाइलवर लिहून? त्या ग्रुपात एक व्यापारी हाये, माह्यावर हसू राह्यला तो. म्हने, नाना, तुमचाच पुतन्या केयीले घाबरते, तं मग दिल्लीवाल्यानं कायले घ्यावी?"

"नाना, कफ होतो," कोकिळाकाकू ठामपणे म्हणाल्या.

"कोनाले होते?"

"सगळ्यांनाच होतो."

"मी सत्तर वर्स झाले खाऊ राह्यलो. काढून दाखवा कफ."

वाद रंगला. काकूंच्या बाजूने आणखी दोन बायका आल्या. नानांच्या बाजूने, केळीच्या गाडीवर हमाली करून आता निवृत्त झालेले एक गृहस्थ आले. चहाची दोन पातेली झाली. नानांनी फ्रिज उघडून आत चुकून केळं तर ठेवलं नाही ना, याची खात्री केली. फ्रिजमध्ये केळं ठेवणाऱ्या माणसाशी ते बोलत नाहीत. तिथे लोकांनी आणलेले खिचडीचे, शिऱ्याचे आणि काढ्याचे डबे गच्च भरले होते आणि औषधाची बाटली मागे कुठेतरी ढकलली गेली होती. शेवटी नाना थेट शर्वरीकडे गेले. त्यांनी एक केळं सोलून तिच्या हातात दिलं. तिने ते सगळं खाल्लं. आजारी पडल्यापासून तोंड वाकडं न करता गिळलेला तो पहिला पदार्थ होता. नाना विजयी मुद्रेने सावद्याला परत गेले, काकू अबोला धरून घरी गेल्या, आणि उन्हं कलल्यावर शालिग्रामच्या लक्षात आलं की दुपारचं औषध राहिलं.

त्याला वाईट वाटलं. पण शर्वरीचा ताप सकाळपासून नव्हता. गाल जरा भरलेले दिसत होते. काकूंचा अबोला फार टिकत नाही. त्या संध्याकाळी शिरा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "ताप गेला ना? मग ते कडक औषध कशाला पोटात घालता? पोरीच्या जिवाला गरम पडतं. मीसुद्धा नेहमी अर्धंच देते. उरलेलं पुढच्या वेळी होतं."

डॉक्टरांचं वाक्य शालिग्रामला आठवत होतं. पण डॉक्टरांनी त्याच्याबद्दल ग्रुपवर काही लिहिलं नव्हतं. त्याने बाटली खिचडीच्या मागे तशीच राहू दिली. नूतनचा फोन आला तेव्हा त्याने सांगितलं, "एकदम मस्त आहे. तू काळजी करू नकोस." औषधाचं तिने विचारलं, तर म्हणाला, "सगळं चालू आहे." सगळं चालूच होतं. शेगड्यासुद्धा.

कॉलनीच्या मंडळाचे अध्यक्ष प्रेमराज बोंडे यांनी महिला दिनाचा कार्यक्रम ठरवला होता. दरवर्षी ते एका महिलेचा सत्कार करत. या वर्षी नवं काही हवं होतं. "महिलांचा तर सगळेच करतात," ते शालिग्रामला म्हणाले. "यंदा आपण तुमचा करू. आदर्श पालक. स्त्रीचं काम करणारा पुरुष. यातच स्त्रीचा सन्मान आहे."

शालिग्रामने थोडे आढेवेढे घेतले आणि दुसऱ्या दिवशी, महिला दिनाच्या संध्याकाळी, इस्त्रीचा झब्बा घातला.

मोकळ्या जागेत मांडव पडला होता. पुढच्या खुर्च्यांवर पुरुष बसले होते, कारण भाषणं होती. मागच्या बाजूला महिला दिनानिमित्त महिला शंभर माणसांच्या बट्ट्या तळत होत्या आणि वरण ढवळत होत्या. शालिग्रामला शाल दिली, श्रीफळ दिलं. प्रेमराजांनी त्याच्या पातेल्याचा उल्लेख केला, तेव्हा टाळ्या पडल्या. शालिग्रामने दोन शब्द बोलताना, "यात मी विशेष काही केलं नाही," असं म्हटलं. हे त्या संध्याकाळचं सगळ्यात अचूक विधान होतं, आणि त्यालाही टाळ्या पडल्या.

मग प्रेमराजांना शर्वरी दिसली. पहिल्या रांगेत, खुर्चीत पाय वर घेऊन बसलेली. त्यांनी तिला वर बोलावलं आणि माइक तोंडाशी धरला. "सांग बेटा, बाबांनी तुझी कशी काळजी घेतली?"

इतके दिवस ती कोणाशी बोलली नव्हती. आवाज आला तो फाटका, खरखरीत, पण मंडळाचा साउंड चांगला होता.

"बाबांनी खूप चहा केला," ती म्हणाली.

मांडवभर हशा पिकला. प्रेमराजही हसले. "आणखी काय केलं?"

शर्वरीने विचार केला. "माझं औषध कालपासून फ्रिजमध्येच आहे," ती म्हणाली. "खिचडीच्या मागे. मी सारखी बोटाने दाखवते, पण सगळे टाटा करतात." आणि मग माइकपासून तोंड वळवून, फक्त त्याला, "बाबा, मला थंडी वाजतेय."

मार्च महिन्यात जळगावात कोणाला थंडी वाजत नाही. शालिग्रामने तिच्या कपाळाला हात लावला. मग खांद्यावरची शाल काढून तिला गुंडाळली, तिला उचललं आणि तो मांडवातून निघाला. मागून कोणीतरी, "अहो, वरणबट्टी तरी..." म्हणालं.

डॉ. माहेनूर दवाखाना बंद करायच्या बेतात होत्या. त्यांनी झब्बा पाहिला, शाल पाहिली, त्याच्या हातात राहून गेलेला नारळ पाहिला.

"हे कशाबद्दल?"

"आदर्श पालक," शालिग्राम म्हणाला. त्याला दुसरं काही सुचलं नाही.

"औषध चालू आहे?"

त्याने नारळाकडे बघितलं.

डॉक्टरांनी शर्वरीला तपासलं. बराच वेळ तपासलं. "ताप उतरला म्हणजे जंतू मेले असं नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "आणि जंतूंना सत्कार कळत नाही. आत्ता घरी जाताच एक डोस द्या. यापुढे एकही चुकवू नका. दोन दिवसांनी आणा. गिळता येईनासं झालं, लाळ गळायला लागली, श्वासाला त्रास झाला, तर फोन न करता थेट घेऊन या."

घरी कॉलनी जमलेली होती. "आता बोलवा तिला," कोकिळाकाकू म्हणाल्या. "आईची जागा कोणाला घेता येत नाही." प्रेमराजांनी मान डोलावली. तासापूर्वी ती जागा त्यांनी माइकवरून भरली होती.

शालिग्रामने सगळ्यांसमोरच फोन लावला आणि नूतनला झालं ते सांगितलं, काही न वगळता. सांगायला फार वेळ लागला नाही. किती थोडं काम होतं, ते सांगतानाच कळत होतं.

मग नूतनने विचारलं, "आत्ता ताप किती आहे? डॉक्टर काय म्हणाल्या? पाणी पितेय?" त्याने तिन्हीची उत्तरं दिली. "उद्या शेवटचं मूल्यमापन आहे," ती म्हणाली. तिचा आवाज सपाट होता, आणि तो सपाट ठेवायला तिला किती कष्ट पडत होते तेही ऐकू येत होतं. "मी येऊ का?"

समोर सगळी कॉलनी 'हो' म्हणून माना हलवत होती. शालिग्रामने पहिल्यांदाच कोणाकडे बघितलं नाही.

"नको येऊस. औषध मला देता येईल. बाटलीवर लिहिलंय."

"ते आधीही लिहिलेलं होतं," नूतन म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.

त्याने सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. नीट सांगता आलं नाही, त्यामुळे माणसं दुखावली. फ्रिजमधले डबे ज्याचे त्याला परत केले, बाटली पुढे आणून ठेवली. एक शेगडी कायम पाण्यासाठी राखली. मोबाइलमध्ये दुपारचा गजर लावला. पहिल्यांदा चमचा भरताना त्याला क्षणभर फोटो काढावासा वाटला. त्याने काढलाही. त्यात शर्वरी चमच्याकडे न बघता त्याच्याकडे बघत होती. त्याने तो पुसून टाकला.

नंतर कोणी भेटायला आलं नाही. पोरगी दिवसागणिक सुधारत होती आणि घडाची केळी संपत होती. ग्रुपवर आता गटाराच्या झाकणाचा विषय चालू होता.

नूतन मूल्यमापन पार पाडून आली. यादीत तिचं नाव लागलं होतं. हे तिने घरात शिरल्यावर सगळ्यात शेवटी सांगितलं, आधी मुलीचा घसा बघितला आणि बाटली उजेडात धरून औषध किती उरलंय ते बघितलं. त्याबद्दल ती काहीच बोलली नाही. शालिग्रामला यादीपेक्षा त्याचंच जास्त बरं वाटलं.

संध्याकाळी कोकिळाकाकू आल्या. शर्वरी सत्काराची शाल पांघरून अभ्यास करत होती. ती शाल आता कोणालाच परत मिळणार नव्हती. शालिग्राम आत पाणी उकळत होता आणि दार लोटून घेतलं होतं.

"नशीब काढलंस हो," काकू नूतनला म्हणाल्या. "असा नवरा मिळायला भाग्य लागतं. सगळी कॉलनी लोटली होती बघायला."

"हो, कळलं मला," नूतन म्हणाली. "काकू, मागे हिला टायफॉइड झाला होता. कितीतरी दिवस ही पडून होती. तेव्हा तुम्ही आल्याचं आठवत नाही."

काकूंना बोलण्याचा रोखच कळला नाही.

"तेव्हा कशाला येऊ?" त्या म्हणाल्या. "तेव्हा तू होतीस ना घरी."